कंसातला पंखा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून एका सुनेनं पत्र लिहिलं आहे. नावगाव देत नाही, पत्रही थोडक्यात सांगते. घर जुनं, चिऱ्याच्या भिंतींचं, वर मंगळुरी कौलं. सासूबाई ७६ वर्षांच्या, मधुमेह बारा-तेरा वर्षांचा. डिसेंबर लागला की रात्री त्यांचं एकच पालुपद: ‘‘म्हाका शीं जाता गो, पांय बर्फ जाल्यात.’’ म्हणून सुनेनं रबराची गरम पाण्याची बॅग आणली. सासूबाई खूश. पंधरा दिवसांनी एका सकाळी घोट्याच्या वर रुपयाएवढा फोड दिसला. पाणी उकळतं नव्हतं, असं सून शपथेवर सांगते, आणि सासूबाईंना रात्रभर काही जाणवलंच नाही. नवऱ्यानं बॅग जप्त केली, ‘गोव्यात कसली आलीय थंडी, मनाचे खेळ सगळे’ असं सुनावलं आणि तडजोड म्हणून विजेवर तापणारी जेलची पिशवी मागवली. सासूबाई तिला हात लावत नाहीत. त्यांना पूर्वीसारखी खाटेखाली शेगडी हवी आहे. परवा त्यांच्या अंथरुणात मोज्यात घातलेली फेणीची बाटली सापडली, गरम पाण्यानं भरलेली. सून विचारते: रबराची, विजेची की काहीच नको? आणि सासूबाईंची समजूत कशी घालू? पत्राच्या शेवटी कंसात एक ओळ आहे: (नातू त्यांच्याच खोलीत झोपतो, त्याला पंख्याशिवाय झोप येत नाही.)

ताई,

फेणीच्या बाटलीपाशी मी हसले, आणि लगेच हसू आवरलं. ती बाटली आमच्याही घरी होती, आजीची. वर बूच, बाहेरून आजोबांचा टाच फाटलेला लोकरी मोजा. पौषातल्या एका रात्री आजीनं चुलीवरचं पाणी थेट तिच्यात ओतलं आणि बाटलीचा तळ विळीनं कापल्यासारखा गोल सुटून खाली आला. पाणी आजीच्या पायांवर न पडता न्हाणीच्या फरशीवर पडलं, हे नशीब. गार काचेत कढत पाणी पडलं की आतली बाजू झटकन प्रसरण पावते, बाहेरची मागे राहते, आणि त्या ओढाताणीत काच जाते. तेव्हा ती बाटली आजच्या आज अंथरुणातून काढा. पण सासूबाईंना रागावू नका. शहात्तराव्या वर्षी चोरून पाणी तापवून, बाटली मोज्यात घालून लपवणाऱ्या बाईला खरोखर थंडी वाजते आहे, याला आणखी पुरावा काय हवा?

तुमच्या यजमानांना मात्र पुरावा लागणार असं दिसतं. तो त्यांच्या घरातच आहे. उद्या सकाळी सहा वाजता खोबरेल तेलाची बाटली उलटी करून त्यांच्यासमोर धरा. तेल खाली आलं नाही, पांढरं होऊन बसलं असेल, तर खोलीतला पारा रात्री २४ अंशांच्या बराच खाली उतरला होता, कारण खोबरेल साधारण त्या अंशाला गोठायला लागतं. पणजीत जानेवारीच्या पहाटे पारा २० अंशांच्या आसपास असतो. तुमची सत्तरी घाटाच्या पायथ्याशी, समुद्रापासून लांब, तिथे तो आणखी खाली जातो. आणि दुपारी तोच पारा ३२ वर. दिवसभर पंख्याखाली घाम पुसलेला माणूस पहाटे बारा-पंधरा अंश खाली उतरतो. पुण्याच्या माणसाला २० अंश म्हणजे गुलाबी थंडी वाटेल, पण पुण्याच्या माणसाकडे स्वेटर आणि रजई असते. आपल्याकडे एक चादर, आणि वर आभाळाला उघडी कौलं.

शिवाय वय. पौषात धालोच्या, म्हणजे बायकांच्या लोकनृत्याच्या, मांडावर बायका मध्यरात्री अनवाणी नाचतात, त्यात साठी ओलांडलेल्याही असतात, त्यांना थंडी वाजत नाही. कारण स्नायू हलताहेत, आणि हालचाल करताना अंगातली उष्णता मुख्यतः स्नायूंतून येते. झोपलेलं शरीर साधारण ७०-८० वॅट उष्णता देतं, जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. म्हाताऱ्या, बारीक बाईचं त्याहून कमी. त्यात शरीर उष्णता वाचवायला आधी हातापायांचं रक्त आवरतं घेतं. म्हणजे पाय गार पडणं हा मनाचा खेळ नाही, शरीराची काटकसर आहे. आणि गोधडी स्वतः ऊब देत नाही, आहे तेवढी धरून ठेवते. आधीच गार पडलेल्या पायांवर तीन गोधड्या टाकल्या तरी गारच पाय झाकले जातात. सासूबाईंना बॅग का हवी, ते इथे कळतं.

आता फोडाकडे येते. पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय की पाणी उकळतं नव्हतं. माझा विश्वास आहे. भाजायला उकळतं पाणी लागतं हा समजच चुकीचा आहे. ६० अंशांना कातडी पाचेक सेकंदांत भाजते, ५० अंशांना काही मिनिटांत, आणि ४४ अंशांनासुद्धा, जे हाताला नुसतं ‘छान कोमट’ वाटतं, पाच-सहा तास एकाच जागी चिकटून राहिलं तर भाजतं. हे निरोगी माणसाच्या कातडीचं झालं. म्हातारपणी ती पातळ होते. बॅग पायाशी ठेवून झोपणं म्हणजे नेमकं हेच: एकच जागा, रात्रभर.

पण फोडापेक्षा मला काळजी वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. त्यांना जाग आली नाही. चांगल्या पायाला चटका बसला की माणूस झोपेतही पाय ओढून घेतो. बारा-तेरा वर्षांच्या मधुमेहात पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात, आणि त्याच बिघडलेल्या नसा कधीकधी ‘पाय गार आहेत’ असा खोटा निरोपही देतात. म्हणून आज रात्री त्या ‘पाय बर्फ’ म्हणाल्या की तुमच्या हाताची मागची बाजू त्यांच्या तळव्याला लावून बघा. पाय खरंच गार लागला तर रक्त पोचण्याचा प्रश्न असू शकतो. हाताला उबदार लागतोय आणि तरी त्या गार म्हणताहेत, तर नसांकडे बोट जातं. दोन्हींत डॉक्टर हवाच, आणि दुसऱ्यात तर कितीही शेक दिला तरी त्यांचं समाधान होणार नाही, फक्त कातडी भाजत राहील.

डॉक्टरांकडे जाताना साखरेच्या कागदांबरोबर त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंही न्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हातपाय गार पडतात. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, दोन्ही कमी असले की थंडी जास्त वाजते. आणि पायांची तपासणी करा असं तोंडानं सांगा. डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवतात, कुठे जाणवलं ते विचारतात. पाच मिनिटांचं काम आहे, सुई नाही, दुखणं नाही. फोडाची जागा अजून ओली असेल, लाल असेल, तर रविवारची वाट पाहू नका. यापुढे कुणालाही भाजलं तर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, तूप, शाई यातलं काही नको, आणि फोड फोडायचा नाही.

तुम्ही विचारलंत, रबराची की विजेची. मी प्रश्न थोडा फिरवते. बॅग कुठली, यापेक्षा ती कधी आणि कुठे, हे महत्त्वाचं. माझं म्हणणं असं: बॅग अंथरुणासाठी, पायांसाठी नाही. सासूबाई साडेनऊला आडव्या होत असतील तर नऊ वाजता बॅग गोधडीच्या आत, जिथे पाय येणार तिथे ठेवायची. अर्ध्या तासात गादी, चादर, गोधडीची आतली बाजू सगळं उबदार होतं. त्या आल्या की बॅग बाहेर, आणि पाय त्या उबेत. अंगाला बॅग लागतच नाही. पाय आतून उबदार झाले की झोपही लवकर लागते, हे आपल्या आज्यांना शास्त्र न वाचता ठाऊक होतं.

तेव्हा यजमानांनी जप्त केलेली बॅग परत मागा, पण वापरण्याआधी तपासा. काही बॅगांवर फुलासारखा ठसा असतो: मधोमध दोन आकडे, भोवती बारा पाकळ्या. आकडे सालाचे, पाकळ्या महिन्यांच्या. रबर कधी घडवलं ते त्यावरून कळतं. दोन वर्षांहून जुनी बॅग मी ठेवत नाही. आपल्या हवेत रबर लवकर म्हातारं होतं, पावसाळ्यात कपाटात घडी घालून ठेवलेलं तर नक्कीच. ठसा नसेल तर मार्करनं विकत घेतल्याची तारीख लिहून ठेवा. बॅग गळ्यापाशी दुमडून उजेडात धरा, केसासारख्या चिरा दिसल्या तर ती गेली. चिरा नसतील तर गार पाणी भरून रात्रभर उलटी टांगा, खाली वर्तमानपत्र. सकाळी कागद कोरडा हवा.

भरताना पाणी उकळून गॅस बंद केल्यावर निदान दहा मिनिटं थांबा. बॅग उभी धरू नका, ओट्यावर आडवी ठेवून तोंड तेवढं वर धरा. पाणी हळू ओता, दोन तृतीयांशच. मग बॅगेचं पोट हळूच दाबा, पाणी तोंडाशी दिसेपर्यंत, म्हणजे आतली हवा निघून जाईल. ती राहिली तर बॅग ढोलासारखी ताठ होते आणि कुणी वर बसलं तर तोंडातून पाणी उडतं. झाकण घट्ट, मग न्हाणीत एकदा उलटी करून झटका. त्यानंतर जाड कापडाचा खोळ, जुन्या टॉवेलचा शिवला तरी चालेल.

सासूबाईंना नुसती कुशीत धरायला हवी असेल, जाग्या असताना, टीव्ही बघताना, पोटावर, गोधडीच्या वरून, तर जरूर द्या. पोटाला अजून चांगलं कळतं. पाय, नडग्या आणि झोप, या तिन्हींच्या जवळ ती नको.

यजमानांनी आणलेल्या जेलच्या पिशवीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तिच्यातल्या बऱ्याच प्रकारांत वीज थेट आतल्या खारट पाण्यातून जाते आणि ते तापतं. प्लग लावलेला असताना ती मांडीवर घ्यायची नाही, तिच्यावर बसायचं नाही, शिवणीतून ओल आली की केरात टाकायची. सासूबाई ‘वीज अंगाला लावून झोपू?’ म्हणत असतील तर त्या अडाणी नाहीत, बरोबर आहेत. ठेवायचीच असेल तर तिलाही बॅगेचाच नियम: तापवून, प्लग काढून, अंथरुणात आधी, माणूस आल्यावर बाहेर. कंबरेला बांधायचे विजेचे पट्टे वेगळे असतात, तापमान आवरणारे. पण ज्याला चटका कळत नाही त्यानं तेही लावून झोपू नये.

आणि शेगडी? नाही. इथे मी मऊ बोलणार नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवायची चाल आपल्याकडे होती, आणि सासूबाईंच्या मनात ती ऊब बसली असणार. पण कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, पेंग येते, आणि ती थंडीत लागलेली गाढ झोपच वाटते. जुन्या घरांत कौलांच्या फटींतून वारा खेळायचा म्हणून निभावलं. आता खिडक्यांना काचा, दाराला फट नाही, त्यात नातू त्याच खोलीत. काश्मिरात फेरनच्या, म्हणजे घोळदार अंगरख्याच्या, आत कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) बाळगणाऱ्यांच्या पोटामांडीवर वर्षानुवर्षांच्या शेकानं जाळीदार काळे डाग पडतात, काहींना तिथे कर्करोगही होतो. हे सांगून सासूबाईंना घाबरवायचं नाही. शेगडीच्या ऐवजी दुसरं काहीतरी हातात द्यायचं.

ते काहीतरी म्हणजे मिठाची पुरचुंडी. आगराचं जाडं मीठ लोखंडी तव्यावर कोरडं परतायचं, सुती कापडात सैल बांधायचं, वर आणखी एक फडकं. गुडघ्याला, खांद्याला, त्यांना जिथे शेक आवडतो तिथे, पण आधी तुमच्या मनगटावर टेकवून बघून. उकड्या तांदळाचीही होते, दोनेक वाट्या. तिचा वास मला मिठापेक्षा आवडतो, पेजेच्या भांड्यासारखा. अर्ध्या तासात ती निवते, हाच तिचा गुण. रात्रभर कुणाला भाजायला तिच्यात दम नसतो. पावलांना मात्र हीही नको.

आता तो कंस उघडू. ताई, तुमच्या पत्रातली सर्वांत कामाची ओळ तुम्ही शेवटी कंसात टाकलीत. नातवाला पंखा लागतो. म्हणजे गेली काही वर्षं, डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे, शहात्तर वर्षांची बाई छताच्या पंख्याखाली झोपते आहे! अंगाभोवती, गोधडीच्या कडेशी उबदार हवेचा एक पातळ थर तयार होतो. पंखा तो दर क्षणाला उडवून लावतो. तुम्ही बॅगेनं गादी तापवाल आणि पंखा ती निववेल. सासूबाईंनी बॅग मागितली, शेगडी मागितली, बाटली लपवली, पण पंखा बंद करा असं एकदाही म्हटलेलं तुमच्या पत्रात नाही. का, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. नातवाची झोप मोडू नये म्हणून.

मुलाची खाट दुसऱ्या खोलीत गेली तर प्रश्नच मिटला. ते दोघांनाही नको असेल, आजी-नातवाची रात्रीची गोष्ट वगैरे असेल, तर गोष्ट आजीच्या खाटेवर आणि झोप आपल्या खाटेवर. छताचा पंखा बंद, मुलाच्या पायथ्याशी छोटा टेबलफॅन, तोंड आजीकडे नाही. दहा वर्षांच्या मुलाला कारण सांगितलं की तो ऐकतो. ‘पंखा नको’ असं नुसतं सांगितलं तर ऐकत नाही.

मग वरचं छत. निरभ्र रात्री कौलं आभाळाकडे उष्णता सोडून बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतात, आणि त्यांच्याखाली उघडं झोपलेलं अंग आपली उष्णता त्यांना देत राहतं. मच्छरदाणी तुमच्याकडे असणारच. तिच्या वर एक जुनी चादर पसरा, नुसती टाकली तरी पुरे. वरून येणारी गारठ अडते, आतली हवा आतच राहते. बाजू मोकळ्या ठेवा म्हणजे घुसमट होणार नाही. या एका चादरीचा फरक पहिल्याच पहाटे कळेल.

आणखी एक, अंगाखाली. आपण वरून पांघरत राहतो आणि खालची गादी पातळ कापसाची, दाबून चपाती झालेली असते. घरात एखादं कांबळं किंवा जुनी वाकळ असेल तर ती पांघरायला न देता गादीवर, चादरीखाली घाला. पायांत सैल लोकरी मोजे, इलॅस्टिकचा वळ उठता कामा नये. घालण्याआधी मोजा उलटा करून आत खडा, गाठ बघा, कारण पायाला कळणार नाही. रात्री उठायची वेळ आली तर लाल गुळगुळीत जमिनीवर मोज्यानं चालू देऊ नका, खाटेशी चपला ठेवा. डोक्याला कानटोपी किंवा पातळ स्कार्फ. नऊ वाजता बॅगेबरोबर कपभर कशाय, म्हणजे मसाल्यांचा काढा, साखर-गूळ न घालता. गरम पाण्यात पाय बुडवणं त्यांच्यासाठी नको. आणि कुणी ‘थोडी फेणी द्या, गरम वाटेल’ म्हणालं तर ऐकू नका. फेणीनं कातडीकडे रक्त धावतं, गरम वाटतं, आणि आतली उष्णता बाहेर जाते.

यजमान कदाचित रूम हीटर आणू म्हणतील. आधी हिशेब सांगा. दोन हजार वॅटचा हीटर तासभर लावला की दोन युनिटं, आणि ती ऊब कौलांतून वर निघून जाते. बॅगेतलं दीड लिटर पाणी तापवायला लागते एका युनिटाच्या सातव्या-आठव्या भागाएवढी उष्णता. माणसाला ऊब द्यायची असेल तर अख्खी खोली कशाला तापवायची?

आता समजूत. सासूबाईंची काढायला काही उरलेलं नाही असं मला वाटतं. त्यांनी एकच गोष्ट सांगितली, थंडी वाजते, आणि ती खरी निघाली. त्यांना एवढंच सांगा की बॅग परत आली आहे, पण पायाला लावायची नाही, कारण पायाला आता चटका कळत नाही. फोड त्यांनी स्वतः पाहिलाय. पाणी भरायचं काम तुमचं, रात्री गॅसपाशी त्यांनी जायचं नाही. बॅग गादीतून बाहेर काढायचं काम मात्र त्यांच्याकडेच द्या, काढून खुर्चीवर ठेवायची. तुम्ही काढलीत तर तिची पुन्हा जप्ती झाली असं त्यांना वाटेल. झोपण्याआधी एकदा डोकावा, खुर्चीवर दिसली की झालं. आणि रोज सकाळी दोन्ही पाय, बोटांच्या बेचक्यांसकट, नीट बघायचे. हे काम नातवाला द्या, त्याचे डोळे चांगले आहेत.

जप्तीतली बॅग तपासणीत नापास झाली तर म्हापशाच्या बाजारात किंवा कुठल्याही औषधाच्या दुकानात नवी मिळेल, फुलाचा ठसा बघून घ्या. जुनी टाकू नका. कात्रीनं तिचे तळहाताएवढे चौकोन करा. लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण त्या रबरानं असं फिरतं की सासूबाई स्वतः उघडतील.